बेतून कापलेली होडी

होडी घरी बांधली असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सुतारकाम कुठं शिकलात?" कुठंच नाही. माझं निम्मं आयुष्य ब्लाउज बेतण्यात गेलंय. कात्री, खडू, टेप आणि टाचण्या ही माझी अवजारं. रंधा मी या होडीच्या निमित्तानं हातात धरला, आणि त्याचीही गरज वाटली होती त्याहून कमीच पडली. सहा मिलिमीटर प्लायवूडची लहान होडी हे आधी बेतण्याचं काम आहे आणि मग लाकडाचं. काप बरोबर पडला की आकार आपोआप उभा राहतो. काप वाकडा पडला तर पुढं कितीही कसबी सुतार आणा, तो फार तर फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून देईल.

होडी हवी होती दादाला. थोरला भाऊ, निवृत्त, गळ टाकून तासन्‌तास काठावर बसणारा. काठावर बसणाऱ्याला कायम वाटतं की मासे पलीकडं आहेत. (होडीत बसणाऱ्याला ते काठाजवळ आहेत असं वाटतं, हे नंतर कळलं.) मी वही काढली आणि गिऱ्हाइकाचं माप घेताना विचारते तसं विचारत गेले. किती जण बसणार? दोन. उभं राहून गळ टाकणार? हो. पाणी कसलं? तळ्याचं, शांत. होडी पाण्यातच राहणार की रोज काढून ठेवणार? काढून ठेवणार, गाडीच्या टपावरून नेणार. मोटर?

"बघू नंतर."

इथं मी पेन खाली ठेवलं. "दादा, हे नंतर बघायचं नाही. आत्ता सांग."

कारण मोटरची होडी आणि वल्ह्याची होडी यांचा तळच वेगळा असतो. मोटर मागं टांगायची म्हणजे मागची आडवी फळी तीस-चाळीस मिलिमीटर जाड हवी, आखूड दांड्याच्या मोटरला तिची उंची ३८ सेंटिमीटरच्या आसपास हवी, आणि मागं एवढं वजन पेलायला तळ मागच्या टोकापर्यंत रुंद आणि सपाट हवा. वल्ह्याच्या होडीला याच्या नेमकं उलट. तळ दोन्ही टोकांना हलकासा वर उचललेला, आणि मागची फळी पाण्याच्या वर. ती फळी पाण्यात बुडाली की मागं भोवरे उठतात आणि वल्हवणाऱ्याची निम्मी ताकद ते भोवरे ओढण्यात जाते. दोन्ही एकाच होडीत मागितलं की धड हे नाही आणि धड ते नाही. दादानं थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "वल्ही."

मग लांबी ३.६ मीटर, वरच्या काठाशी रुंदी १.२ मीटर आणि तळ सपाट, असं ठरलं. सपाट तळाच्या होडीला जाणकार नाकं मुरडतात. लाटांवर ती आपटते हे खरंच आहे. पण लहान होडीत उभं राहायचं असेल तर सपाट, रुंद तळासारखा आधार नाही, कारण होडी एका बाजूला कलली की त्या बाजूचा रुंद तळ जास्त पाणी सारतो आणि तेच पाणी तिला परत वर ढकलतं. व्ही आकाराचा तळ लाट छान कापतो, पण थांबलेल्या होडीत पाय ठेवताच डुलतो. मासे पकडणारा माणूस निम्मा वेळ थांबलेलाच असतो.

किती बुडेल याचा हिशोब इतका सोपा निघाला की मी तो दोनदा केला. पाण्याच्या पातळीवर होडीचं क्षेत्रफळ साधारण अडीच चौरस मीटर. म्हणजे होडी एक सेंटिमीटर खाली गेली की २५ लिटर पाणी बाजूला सरतं, आणि गोड्या पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो. तेव्हा दर २५ किलोला एक सेंटिमीटर. होडी पन्नासेक किलो, दोन माणसं १४० किलो, वर दहा किलो सामान. दोनशे किलोला आठ सेंटिमीटर. तळ टोकांना वर उचललेला असल्यानं प्रत्यक्षात थोडं जास्त धरायचं. बाजू ४० सेंटिमीटर उंच आहेत, म्हणजे काठ पाण्यापासून चांगलाच वर राहतो. खाऱ्या पाण्यात होडी किंचित वर तरंगेल, कारण ते दर लिटरमागं पंचवीसेक ग्रॅम जड असतं.

आता बेतण्याकडं येते, कारण माझा जीव तिथं आहे.

प्लायवूड एकाच दिशेनं वाकतं. कागदासारखंच. त्याची नळी होते, शंकू होतो, पण चेंडू होत नाही. कापडही मुळात सपाटच असतं, आणि छातीवर बसवायला आपण त्याला टक्स घालतो किंवा कटोरी जोडतो. प्लायवूडच्या होडीत टक्सचं काम शिवण करते. तळाचा तुकडा आणि बाजूचा तुकडा, दोघांच्या कडा वेगवेगळ्या वळणाच्या. सपाट ठेवले तर एकमेकांना लागतच नाहीत, मध्ये चंद्रकोरीएवढी फट पडते. पण त्या कडा ओढून एकत्र शिवल्या की दोन्ही तुकड्यांना वाकावंच लागतं, आणि त्या वाकण्यातूनच होडीचा आकार तयार होतो. आत सांगाडा नाही, फासळ्या नाहीत. मुंढा आणि बाही जोडणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा मोठा कापतो म्हणून तर खांद्याला फुगवटा येतो.

म्हणून आधी जाड कागदाचं, दहास एक या मापाचं होडकं केलं. कात्रीनं कापलं, चिकटपट्टीनं जोडलं, आणि टेबलावर आठवडाभर येता-जाता बघत राहिले. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, जरा बोथट वाटली, दोन मिलिमीटर कापल्यावर एकदम ऐटदार झाली. कागदावरचे दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या होडीत दोन सेंटिमीटर. ज्यांना होडी बांधायची आहे त्यांना माझा एकच आग्रह आहे, कागदाचं होडकं केल्याशिवाय प्लायवूडला हात लावू नका. ट्रायल न घेता रेशमी कापड कापणारी शिंपीण मी तरी पाहिलेली नाही.

ही शिवून चिकटवण्याची पद्धत जगभर पोचली ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये आलेल्या 'मिरर' नावाच्या शिडाच्या होडीमुळं. जॅक होल्ट हा होड्यांचा आराखडाकार आणि बॅरी बकनेल हा टीव्हीवर घरगुती दुरुस्त्या शिकवणारा माणूस, या दोघांनी मिळून ती केली. सव्वातीन मीटर लांब, तुकडे तांब्याच्या तारेनं शिवायचे आणि सांध्यावर रेझिनमध्ये, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेली काचकापडाची (काचेच्या धाग्यांच्या कापडाची) पट्टी. एका वर्तमानपत्राच्या नावानं ती विकली गेली आणि आजवर सत्तर हजारांहून जास्त तयार झाल्या, त्यातल्या कितीतरी लोकांनी घरीच बांधलेल्या. अर्थात फळ्या शिवायची कल्पना फार जुनी. १९५४ मध्ये गिझाच्या मोठ्या पिरॅमिडशेजारी खड्ड्यात सापडलेली खुफू राजाची नौका ४३ मीटर लांब आहे, साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे, आणि तिच्या फळ्या दोरांनी एकमेकींना बांधलेल्या आहेत. तारेचे टाके घालताना हे आठवलं की पाठदुखी थोडी कमी वाटायची.

प्लायवूड निवडताना पैसे वाचवू नयेत. मरीन प्लायवूडवर बीएस १०८८ किंवा आयएस ७१० असा शिक्का असतो. त्याचा अर्थ दोन थरांमधला गोंद उकळत्या पाण्यातही सुटत नाही. पण शिक्क्यावर भिस्त ठेवून भागत नाही, कड बघायची. आतल्या थरांमध्ये पोकळ फटी दिसल्या तर तो ताव परत. अशी फट बरोबर वाकवण्याच्या जागी आली की तिथंच मोडतं. खात्री करायची तर तुकडा कापून पाण्यात उकळावा, वाळवावा, पुन्हा उकळावा. घरातल्यांनी पातेल्यात लाकूड शिजताना बघून काय विचार केला असेल तो असो.

ताव आठ फुटी आणि होडी बारा फुटी, त्यामुळं जोड आलाच. तो उतरता करायचा. जाडीच्या आठपट लांब उतार, म्हणजे ६ मिलिमीटरला ४८ मिलिमीटर. तावांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे ४८-४८ मिलिमीटर मागं सरकवून एकावर एक रचायच्या आणि सगळ्यांवरून एकदम रंधा मारायचा. इथं एक गंमत आहे. रंधा चालू लागला की प्लायवूडच्या आतले थर फिकट-गडद पट्ट्यांसारखे उघडे पडायला लागतात. उतार कुठं जास्त खाल्ला गेला की पट्टी तिथं वळते, फुगते. सगळ्या पट्ट्या सरळ आणि समांतर झाल्या की उतार सपाट झाला. मापपट्टी लावायचीच गरज नाही, लाकूड स्वतःच दाखवतं. मी त्या पट्ट्या बघत इतकी रमले की दादा दोनदा हाक मारून गेला.

जोडताना दोन्ही उतारांवर आधी पातळ इपॉक्सी पाजायची. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन द्रव कालवून होणारा, सुकून कडक होणारा गोंद. लाकडाच्या उघड्या पडलेल्या नळ्या ती घटाघट पितात. नुसती घट्ट इपॉक्सी लावली तर तिच्यातला पातळ भाग लाकूड शोषून घेतं आणि जोड कोरडा राहतो. मग घट्ट लेप, वर-खाली प्लास्टिक आणि बेताचा दाब. क्लॅम्प फार आवळला तर सगळा लेप बाहेर येतो.

यानंतर तावावर रेघ काढायची. सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आवडलेला भाग हा. आराखड्यात दर ३० सेंटिमीटरला माप दिलेलं असतं. तेवढ्या अंतरावर बारीक चुका ठोकायच्या आणि त्यांना टेकवून एक लांब, लवचीक, गाठ नसलेली लाकडी पट्टी वाकवायची. आता गुडघे टेकून गाल जमिनीला लावायचा आणि पट्टीच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघायचं. उभ्यानं जी रेघ गुळगुळीत वाटते तिच्यात इथून गचके दिसतात. एखाद्या चुकेपाशी पट्टी दबलेली असते. ती चूक काढायची. पट्टी टिच्चून एक-दोन मिलिमीटर बाहेर सरकते आणि तिला हव्या त्या जागी जाऊन थांबते. आराखड्यातला आकडा आणि पट्टी यांच्यात भांडण झालं तर पट्टीचं ऐकायचं. मुंढ्याचा गोल खडूनं काढताना मी हेच करते. माप आठ ठिकाणी घेतलेलं असतं, पण गोल एका झोकात यावा लागतो.

कापताना डावा-उजवा तुकडा एकावर एक ठेवून एकदमच कापायचा, म्हणजे दोन्ही बाजू जुळ्या निघतात. करवत रेघेच्या दोन मिलिमीटर बाहेरून चालवायची आणि उरलेलं रंध्यानं रेघेपर्यंत आणायचं. कापडात मी माया ठेवते, पुढं सैल करायला बरी पडते. इथं माया नाही. रेघ म्हणजे रेघ.

शिवण एका दुपारी होते, आणि बघायला आलेल्यांना होडी खरी वाटू लागते ती त्याच दुपारी. कडेपासून एक सेंटिमीटर आत, दर १५ सेंटिमीटरला भोकं. तांब्याची साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची मऊ तार. पीळ बाहेरच्या बाजूनं, कारण आतून लेप घालायचा असतो आणि तिथं तारेची टोकं मधे येतात. काही लोक प्लास्टिकचे केबल टाय वापरतात, तेही चालतं. मला तार बरी वाटली, कारण ती थोडी सैल करून पुन्हा आवळता येते. आधी सगळे टाके सैल, कच्च्या शिलाईसारखे. मग मध्यापासून दोन्हीकडं थोडं थोडं आवळत जायचं. एकच टाका पूर्ण आवळला तर तिथं लाकूड चुरगळतं. बाजू फार मिटू नयेत म्हणून मध्यावर एक तात्पुरती आडवी चौकट बसवायची. शेवटी नाळेची दोन टोकं ओढून एकत्र आणली, मी धरली, दादानं पक्कड फिरवली, आणि जमिनीवर पडलेले सपाट तुकडे एकदम होडी झाले. दादा काही बोलला नाही, पण सबंध संध्याकाळ शेडमध्ये खुर्ची टाकून बसला होता.

खुर्चीत बसू द्यावं, पण इपॉक्सीला हात लावण्याआधी होडी पिळलेली नाही ना हे बघावं. या टप्प्याला ती अजून सैल असते, हातानं पीळ देता येतो. एकदा सांधे कडक झाले की जो पीळ असेल तो कायमचा, आणि पिळलेली होडी सरळ जात नाही. दोन तपासण्या पुरतात. नाळेच्या टोकापासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतची अंतरं सारखी हवीत. आणि पुढं एक, मागं एक अशा दोन सरळ पट्ट्या आडव्या टाकून एकीवरून दुसरीकडं बघायचं. दोन्ही समांतर दिसल्या पाहिजेत. नसतील तर खाली एखादी पाचर सरकवायची, पुन्हा बघायचं.

इपॉक्सीबद्दल थोडं कडक बोलते. पॉलिस्टर रेझिन वापरलेल्या माणसाला वाटतं की हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर सुकेल. पॉलिस्टरमध्ये तो एक-दोन टक्के घालतात आणि त्याचं काम नुसतं चालना देण्याचं असतं. इपॉक्सीचा हार्डनर हा निम्मा संसार आहे. रेझिनचा प्रत्येक कण त्याच्याशी जोडी जमवतो. जास्त घातला तर बिनजोडीचा उरतो आणि लेप कायमचा चिकट राहतो. डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, आणि ते वजनानं आहे की मापानं हे नीट वाचून. वेग हवा असेल तर उष्णतेचा विचार करा. साधारण दहा अंशांनी हवा तापली की सुकायला निम्मा वेळ लागतो. आणि कालवलेलं मिश्रण खोल डब्यात ठेवू नका. त्याची रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता काढते, खोल डब्यात ती अडकते, त्यानं क्रिया आणखी वेगानं होते, आणि बघता बघता डब्यातून धूर निघतो. पसरट ट्रेमध्ये ओतलं की निवांत काम करता येतं.

हातमोज्यांशिवाय काम नाही. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू साचत जाते. आज काही झालं नाही म्हणजे उद्या होणार नाही असं नाही, आणि एकदा झाली की जन्मभर पुरते. अंगाला लागली तर थिनरनं पुसू नका, थिनर तिला कातडीच्या आत पोचवतो. साबण-पाणी. घट्ट करायची सिलिकाची भुकटी इतकी हलकी असते की पिशवी उघडताच हवेत जाते, तेव्हा मास्क आधी आणि पिशवी नंतर.

आतल्या कोपऱ्यात भुकटी कालवलेल्या इपॉक्सीचा गोलसर लेप भरायचा. आधी टाक्यांच्या मधल्या जागेत तुकड्या-तुकड्यांनी, तो कडक झाला की तारा ओढून काढायच्या आणि मग सलग. एखादी तार अडकली तर सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकानं तिला चटका दिला की सुटते. लेप किती घट्ट हवा? काठीवर उभा राहिला पाहिजे आणि काठी उलटी केली तरी पडता कामा नये. गोल टोकाच्या पट्टीनं एका ओढीत ओढायचा. जितका नीट ओढाल तितकं पुढं घासणं कमी. मी घासण्याबद्दल जास्त लिहिणार नाही. घासावं लागतं, फार लागतं, धूळ नाकात जाते, संपतं.

लेपावर काचकापडाची पट्टी येते आणि इथं माझा भाव एकदम वधारला. बाजारात दोन तऱ्हेच्या पट्ट्या मिळतात. एकीत धागे सरळ उभे-आडवे, दुसरीत ४५ अंशात तिरके. सरळ पट्टी सांध्यावर लावली तर तिचे निम्मे धागे सांध्याच्या लांबीनं पडतात आणि जोड धरायला त्यांचा काही उपयोग नसतो. तिरक्या पट्टीचा प्रत्येक धागा सांधा ओलांडून जातो. शिवाय ती कोपऱ्यात आणि नाळेच्या वळणावर न फुगता बसते. मी हे वाचण्याआधीच कापड हातात घेऊन तिरकं ओढून बघितलं होतं. गळ्याला उरेब पट्टीच का लावतात हे ज्याला माहीत आहे त्याला काचेच्या धाग्यांचं वेगळं काही शिकावं लागत नाही. बाहेरून तळावर दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं कापड घातलं, चिखल-दगडावर ओढताना तेवढं पुरतं. कापडाची वीण भरायचे पुढचे हात आधीचा हात अजून चिकट असतानाच द्यायचे, म्हणजे मधे घासावं लागत नाही. पूर्ण सुकू दिलं तर वर मेणचट थर येतो. तो आधी पाण्यानं धुवायचा, मगच घासायचं. न धुता घासलं तर तो मेणचटपणा लाकडावर पसरतो आणि रंग धरत नाही.

बाकीचं भराभर सांगते. काठाला दोन्हीकडून लाकडी पट्टी, कोपऱ्यांना आधार. तळाला मागं एक उभी, माशाच्या परासारखी फळी, कारण तिच्याशिवाय सपाट तळाची होडी वल्हं मारताच जागच्या जागी फिरते. वल्ह्याची खुंटी बाकाच्या मागच्या कडेपासून, म्हणजे मागं तोंड करून बसलेल्या वल्हवणाऱ्याच्या पुढ्यात, ३० सेंटिमीटरवर, आणि बाकापासून साधारण २० सेंटिमीटर उंच. वल्ह्याचा आतला आणि बाहेरचा भाग ७ ला १८ या प्रमाणात ठेवला तर हातात तोल बरा येतो. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वर रंग हवाच. स्क्रूसाठी पाडलेलं प्रत्येक भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीनं भरायचं आणि मग त्यात हवं तेवढं बारीक भोक पाडायचं. कंटाळवाणं आहे, पण प्लायवूडच्या कडेतून शिरलेलं पाणी आतल्या आत लांब जातं. होडी कुजते ती बहुतेक वेळा पावसाच्या, गोड्या पाण्यानं. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात, आणि तळात साचलेलं पावसाचं पाणी दोन्ही देतं. होडी उलटी ठेवावी, खाली हवा खेळू द्यावी.

बाकांखाली बंद पेट्या कराव्यात असं दादाचं म्हणणं होतं, सामान राहील म्हणून. मी फोम घातला. सामानाच्या पेटीला झाकण आलं, झाकणातून पाणी आलं, आणि भरवशाच्या वेळी ती पेटी रिकामी नसतेच. पाणी न शोषणारा दहा लिटर फोम पाण्यात साडेनऊ किलोच्या वर भार उचलतो. लाकूड स्वतः तरंगतंच, फोम लागतो तो माणसांसाठी. तो कुठं बसवता याला महत्त्व आहे. तळाशी बसवला तर पाणी भरलेली होडी उलटायला बघते. बाजूंना, काठाजवळ उंच बसवला तर सरळ राहते.

हे कागदावर पटलं तरी पाण्यात बघायलाच हवं. लाइफजॅकेट घालून, कंबरभर पाण्यात, काठाजवळ आम्ही ती मुद्दाम बादलीनं भरली. काठापर्यंत भरली तरी सरळ तरंगत राहिली आणि दोघं बाजूंना धरून लोंबकळलो तरी बुडाली नाही. मग दादा आत चढला, बसून उपसायला लागला आणि होडी वर आली. बघ्यांपैकी एकजण म्हणाला की नवी होडी पहिल्याच दिवशी बुडाली. म्हणू दे.

आता राहिलं नांगराचं. दादाला तो मागं बांधायचा होता, हाताशी येतो म्हणून. वाऱ्यात किंवा प्रवाहात मागून बांधलेली होडी आपलं बुटकं, रुंद टोक पाण्याकडं करते आणि दोर ते टोक खाली ओढतो. पाणी मागून आत येतं. मी कडी नाळेलाच बसवली, मागं बसवलीच नाही. दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडायचा, म्हणजे नांगर तळाशी आडवा ओढला जातो आणि रुततो. तीन मीटर पाण्याला पंधरा मीटर दोर. दादा तो सगळा दोर पायाशी गोळा करून ठेवतो, गळाची दोरी त्यात अडकते, आणि मग होडीत जे काही बोललं जातं त्याला मासे जवळ येत नाहीत. दोरासाठी नाळेत एक उथळ खोका करायचा आहे. मापं घेऊन झालीत, कागद कापायचा बाकी आहे.